भिंतीपलीकडची प्रार्थना

त्या सकाळी भिंत गप्प होती. हिंगण्याच्या कंपनीची बस पकडायला मी बूट घालत होतो आणि आई नेहमीसारखी चहाचा कप घेऊन भिंतीशी बसली होती. एव्हाना पलीकडून "हे प्रभू, बापा…" सुरू व्हायला हवं होतं. आईनं कप खाली ठेवला. "जाय गा, मोठ्या आईले पाहून ये," म्हणाली. मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, झोपेतच गेली होती.

आमचं घर मुळात एकच. काका आणि बाबांनी मध्ये भिंत घातली ती या दोन जावांमुळे. आईचे वडील भिवापूरला अखेरच्या घटका मोजत होते, तेव्हा निरोप घेऊन माणूस आला होता. घरी नाताळच्या करंज्या तळायच्या होत्या, हाताखाली कुणीतरी हवं होतं… मोठ्या आईनं निरोप दुसऱ्या दिवशी सांगितला. आई पोचली तेव्हा वडिलांना माती देऊन झाली होती.

म्हातारपणी मोठ्या आईला ऐकू येईनासं झालं. आपण मनातल्या मनात प्रार्थना करतो असा तिचा समज, आणि आवाज पार कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत! सांगणार कोण? आधी नुसत्या मागण्या असायच्या. गुडघे बरे कर, सुनेला अक्कल दे. सून अंगणात ते ऐकायची आणि भांडी मुद्दाम आपटायची. मग एका सकाळी सूर बदलला. "बापा, सरिताच्या घरचा निरोप म्या दाबून ठेवला. तिले बापाचं तोंड पाहू देल्लं नाही. मले माफ कर."

सरिता म्हणजे माझी आई. लाटणं हातातच राहिलं तिच्या. त्यानंतर पलीकडे रोज तेच, रडून रडून. आणि अलीकडे आई रोज चहा घेऊन भिंतीशी. तिची ती बैठक भक्तीची नव्हती, हे मला दिसत होतं.

"जाऊन सांग ना तिले, माफ केलं म्हणून," मी एकदा वैतागून म्हणालो.

"सांगीन. घाई काहून? ऐकू दे मले अजून."

हळूहळू पलीकडचं रडणं ओसरलं. उपकार मानणं सुरू झालं. नळाला पाणी आलं म्हणून, सून पायाला तेल चोळते म्हणून, "सरिता भिंतीपल्याड हाय" म्हणून. शेवटी शेवटी तर मागणं उरलंच नाही, नुसती स्तुती, बेसूर आणि मोकळी. आई बेचैन व्हायची: हिला माफ तर मी केलेलंच नाही, मग ही एवढी आनंदात कशी? चहा तसाच गार व्हायचा. "येत्या रविवारी चर्चमधून आल्यावर सांगीनच," असं तिनं अखेर ठरवलं… आणि त्याआधीच ती सकाळ आली.

कब्रस्तानातून परतताना आई एवढंच म्हणाली, "म्याही निरोप दाबूनच ठेवला ना गा."

अजूनही बूट घालताना पलीकडून आवाज आल्यासारखा वाटतो आणि माझे हात थांबतात. मोठ्या आईची सून सांगते, ती खोली बंदच आहे. आई मात्र कप घेऊन तिथेच बसते. जन्मात कधी मोठ्यानं प्रार्थना न केलेली ही बाई भिंतीजवळ तोंड नेते आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडते, "जाऊबाई, म्या माफ केलं तुम्हाले… ऐकू येऊन राहिलं का?"

मग भिंतीला कान लावून बसते. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजतो, पण माझा पाय निघत नाही.