आम्ही गावी राहायला जाणार होतो

माझ्या मुलाचं लग्न जमत नाही, हे मी आता कुणालाही सांगू शकते. आधी सांगवत नसे. कुणी विषय काढलाच तर "अजून बघायला सुरुवात केलेली नाही" म्हणायचे, आणि तेव्हा त्याने तिशी ओलांडलेली होती. अंबडच्या एका कारखान्यात तो इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे, सिडकोत आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. हे सगळं मी फोनवर इतक्यांदा बोललेय की माझाच आवाज मला दुकानदाराचा वाटायला लागलाय. पलीकडून विचारतात, घरात कोण कोण असतं? आम्ही दोघं आणि तो, असं सांगितलं की "कळवतो" म्हणतात. मग कळवत नाहीत.

मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट वेगळी. आमचं घर येवल्याचं, वडील पैठणी विणायचे. घरात मोठी खोली एकच, मागाची, म्हणून पाहुण्यांना तिथंच बसवलं होतं. मुलाच्या काकांनी मला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मग पेपर वाचायला दिला. मी चालले, वाचलं. वडील सतरंजीकडे बघत बसले होते. मुलगा, म्हणजे माझा नवरा, एक अक्षर बोलला नाही. पुढे संसारात मी कितीदा तरी हे त्यांना ऐकवलं, आणि दर वेळी ते म्हणत, "मोठी माणसं बोलत होती, मी काय बोलणार?" माझ्या मुलासाठी बघायला जाऊ तेव्हा मुलीला असलं काही करायला लावायचं नाही, हे माझं तेव्हापासून पक्कं होतं. ते मी पाळलंही. आता मुलींना कुणी चालायला सांगत नाही. आता विचारायचं ते मुलीच विचारतात, आणि त्यात वावगं काही नाही, असं मी मनापासून मानते. मानत होते.

ही मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. गंगापूर रोडच्या एका कॅफेत भेटायचं ठरलं. ती आणि तिची आई आल्या होत्या. वडिलांना बरं नसतं म्हणून ते आले नाहीत, असं तिच्या आईने सांगितलं. मुलगी मला बघताक्षणी आवडली. उगाच लाजत नव्हती की उगाच हसत नव्हती. माझ्या मुलाला तिने कामाचं विचारलं, शिफ्टचं विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. तो म्हणाला, खिचडी येते. ती म्हणाली, मलाही तेवढीच येते. आम्ही सगळे हसलो. किती तरी दिवसांनी मला वाटलं, हे जमेल.

मग ती म्हणाली, "आईबाबा तुमच्यासोबतच राहतात ना?"

माझा मुलगा एक क्षणही थांबला नाही. "सध्या राहतात. पण ते गावी राहायला जाणार आहेत. घोटीच्या पुढे आमचं घर आहे. त्यांना तिथंच करमतं."

ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला. आमच्यात असं काही ठरलेलं नव्हतं. ठरणं सोडाच, आमच्या घरात हा विषयसुद्धा कधी निघाला नव्हता. मुलीने माझ्याकडे बघितलं. त्या कॅफेतला प्रत्येक माणूस आमच्याकडेच बघतोय असं वाटत होतं. आणि मी काय केलं, तर मान डोलावली. म्हटलं, "हो ना, गावी हवा छान असते." हे मात्र गप्पच राहिले, येवल्याला राहिले होते तसे.

घरी येताना गाडीत मुलगा तिच्याबद्दल बोलत होता. चांगली वाटली ना, मोकळी आहे ना, असं. आम्ही दोघं हो हो म्हणत होतो. जे बोलायचं होतं ते कुणीच काढलं नाही. मला वाटलं, हे काढतील. ह्यांना बहुतेक वाटलं असेल, मी काढेन. पण मुलाला "तू आम्हाला काढून का टाकलंस" असं विचारायचं कोणत्या तोंडानं? विचारलं आणि त्याने खरं उत्तर दिलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, चुलतभावाकडून नवा तांदूळ घेऊन येतो. आणि एसटीने घोटीला निघून गेले. मुलगा कामावर गेला. दुपारी मी एकटीच होते तेव्हा त्या मुलीचा फोन आला.

"काकू, थोडं बोलू का? एकच विचारायचं होतं. गावी जायचं ते तुम्हाला विचारून ठरलंय का? काल मला तुमच्याकडे बघून तसं वाटलं नाही."

इतक्या सरळ मला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "अगं, कधीचंच ठरलंय आमचं. ह्यांना शहर मानवत नाही. मलाही आता तिथंच बरं वाटेल." वर हेही सांगितलं की घर छान आहे, अंगण मोठं आहे.

ती म्हणाली, "काकू, माझ्या पप्पांना कंपवात आहे. मी एकटीच आहे त्यांना. लग्नानंतरही मला त्या दोघांना सोबत ठेवायचंय, निदान शेजारच्या बिल्डिंगमध्ये तरी. तुम्ही सगळे एकत्र राहता हे कळलं म्हणूनच मी भेटायला तयार झाले होते. वाटलं, तुमच्या मुलाला माझी अडचण समजेल. पण तुमचं सगळ्यांचंच असं ठरलेलं असेल, तर मग त्यांना माझ्या आईवडिलांचं विचारण्यात अर्थ नाही."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. अगं थांब, त्याला वाटलं तुला हेच ऐकायचंय, आम्ही कुठंही जाणार नाही, एवढं एक वाक्य. पण ते सांगायचं म्हणजे त्याच्या मागचंही सांगायचं, की माझ्या मुलाने आम्हाला न विचारता वाऱ्यावर सोडलं आणि मी शेजारी बसून मान डोलावली. मला ते सांगता येईना. नकोशी झालेली आई म्हणून त्या मुलीने माझी कीव केली असती, ती मला सोसली नसती. "बघू, योग असतील तसं," म्हणून मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

संध्याकाळी हे परत आले. तांदळाची पिशवी दारात ठेवली, चपला काढल्या आणि दिवाणावर बसले. गावाकडून आले की पुढचे दोन-चार तास त्यांची बोली गावचीच असते.

"भिंती बऱ्या हायेत," ते म्हणाले. "पत्रे बदलावे लागतील. संडास-बाथरूम मात्र आतच बांधावं लागंल. तुला बाहेर जमायचं नाय."

मला आधी कळेचना ते कशाबद्दल बोलताहेत. कळलं तेव्हा मी दाराकडे बघितलं. मुलगा कामावरून आलेला होता, एक बूट हातात घेऊन उंबऱ्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पप्पा, मी तसं म्हणालो नव्हतो."

"म्हणालास की," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आम्ही तिथंच होतो."

तो आत येऊन खाली फरशीवर बसला. आधीच्या दोन ठिकाणी ह्याच प्रश्नावर नकार आला होता, ते आम्हाला त्याने कधी सांगितलं नव्हतं. ह्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं म्हणे. तुम्ही खरंच जावं असं मला वाटत नाही, असं तो दोनदा म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "पण बोलून गेल्यावर मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू?"

मला वाटलं, आता हे भडकतील. ते म्हणाले, "मीपण हेच म्हणायचो लोकांना. माझ्या आईला गावीच करमतं म्हणून." आणि उठून हातपाय धुवायला गेले.

मग मी मुलाला दुपारचा फोन सांगितला. ती काय म्हणाली ते सांगितलं, आणि मी काय बोलले तेही. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "आई" म्हणाला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला.

तिने नकारच कळवला. पुढच्या आठवड्यात मला राहवलं नाही, मी स्वतःहून तिला फोन केला आणि होतं तसं सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "काकू, त्यांचाही फोन आला होता त्याच संध्याकाळी. म्हणाले, तुमची अट मला मान्य आहे. पण मी अट घातलीच नव्हती." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, थकवा होता. पलीकडे कुणी तरी तिला हाक मारली, बहुधा वडिलांनी, आणि तिने फोन ठेवला. तिच्या वयाला मी काय करत होते ते आठवायचा प्रयत्न केला. माझ्या आईवडिलांचं माझ्या भावाने बघितलं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

आमच्या घरात वरवर सगळं पूर्वीसारखं चाललंय. मुलगा आता जास्तच जपून बोलतो, आणि त्याचं ते जपणं मला बघवत नाही. "तुम्ही कुठं जायचं नाही" असं तो म्हणाला, तेव्हा हे "बरं" म्हणाले. तरी महिन्या-दोन महिन्यांनी ते घोटीला जाऊन येतात. पत्रे बदलून झाले. बाथरूमचा पाया घेतलाय. कशाला, असं आम्ही दोघांनीही त्यांना विचारलेलं नाही.

परवा जेवताना त्यांनी मला विचारलं, बाथरूमला टाइल्स कोणत्या रंगाच्या लावू. मुलगा समोरच बसून भाकरी मोडत होता. मी म्हणाले, फिकट निळ्या लावा.