सुतळीवर चाललेली मोटारसायकल

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. माझं पोस्टिंग देहूरोडच्या छावणीत, डिस्पॅच रायडर सेक्शनला. डिस्पॅच रायडर म्हणजे मोटारसायकलवरून लष्करी टपाल पोचवणारा जवान. आम्ही सहा रायडर आणि महायुद्धातून उरलेल्या सहा विलायती मोटारसायकली. त्या एकदम सुरू झाल्या की आसपासच्या म्हशी दुधाऐवजी थेट ताक देत. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

रांगेच्या पुढे हवालदार धोंडिबा गराडे. तळेगाव दाभाड्याजवळच्या वाडीतले, चाळिशी ओलांडलेले. मिशा इतक्या रुंद की अरुंद पुलावर समोरच्या बैलगाडीला मागं सरावं लागे. चिखल असो, वाळू असो, त्यांच्या मांडीखाली गाडी पाळलेल्या घोड्यासारखी चाले. असा रायडर मी पुन्हा पाहिला नाही.

नवे कॅप्टनसाहेब विदर्भातले, तरुण, नियमाला घट्ट. गराडे आता थकले असं त्यांचं मत. शनिवारी संध्याकाळी फॉल-इनमध्ये, सगळे हजेरीला रांगेत उभे असताना, त्यांनी ऑर्डर वाचली.

"उद्या ग्रुप राइड. तळेगाव, चाकण आणि परत. लीडर गराडे. रांगेतली एक जरी गाडी पडली, तरी गराडे स्टोअरला."

स्टोअरला म्हणजे घोंगड्या मोजायला. गराडे नुसतं "जी साहेब" म्हणाले. रात्री जेवले मात्र नाहीत.

रविवारी सकाळी निघालो. कॅप्टनसाहेब जीपमध्ये, सगळ्यांच्या मागं. आज जिथं कंपन्यांचे भोंगे वाजतात, तिथं तेव्हा नुसती ढेकळं आणि धूळ. इंजिनांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हुकूम हातानं. लीडरचा उजवा हात वर गेला की हॉल्ट.

तळेगाव सोडलं आणि गराड्यांच्या गाडीची थ्रॉटल केबल, म्हणजे वेग कमीजास्त करणारी तार, तुटली. दुसऱ्या नंबरचा रायडर चाँद शेख, चिंचवडच्या मिस्त्रीचा मुलगा. त्यानं एका बैलगाडीवाल्याकडून सुतळी मागितली. एक टोक कार्बोरेटरला बांधलं, दुसरं गराड्यांच्या उजव्या मनगटाला. हात ओढला की गाडी पळायची, सैल सोडला की मंदावायची.

"उस्ताद, मी पुढं होतो. तुम्ही शेवटी या," चाँद म्हणाला.

"म्हंजे घोंगड्या आत्तापास्नंच मोजू व्हय रं? चल, भावा. मिशीला बांधली असतीस तरी चालिवली असती."

आणि चालवली हो! काही मैल रांग अशी सरळ गेली की आकाशातल्या घारीला वाटावं, खाली आगगाडी आली.

मग इंद्रायणीच्या फरशी पुलाकडं जाणारा उतार लागला. उताराला वळण. वळणापलीकडं काय आहे ते फक्त गराड्यांना दिसलं. चाकणच्या बाजाराला निघालेली कांद्याची बैलगाडी पुलाच्या तोंडाशी चाक निखळून आडवी झाली होती. गोण्यांवर दोन पोरं झोपलेली, खाली त्यांची आई बैल धरून.

गराड्यांनी उजवा हात वर केला. सुतळी ताणली गेली आणि गाडी डरकाळी फोडून पुढं झेपावली. हात म्हणतोय थांब, गाडी म्हणतेय चल. आम्ही पाच शहाण्यांनी गाडीचं ऐकलं आणि थ्रॉटल वाढवले.

गराड्यांनी मागं पाहिलं. पुढच्या क्षणी त्यांनी स्वतःची गाडी वळणाच्या तोंडावर रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्याबरोबर घसरत गेले.

आडवी गाडी पाहिल्यावर आम्ही दाबता येतील तेवढे ब्रेक दाबले. माझं चाक त्यांच्या मिशीला टेकून थांबलं. एक इंचही वाढवून सांगत नाही.

मागून जीप आली. बैलगाडी साहेबांना दिसत नव्हती. दिसत होती ती आडवी मोटारसायकल आणि कोपर सोललेले गराडे.

"गाडी पडली?"

गराडे अटेन्शनमध्ये.

चाँद पुढं झाला. "पडली नाही, साहेब. पाडली."

साहेब वळण ओलांडून पुलापर्यंत चालत गेले. पोरं अजून झोपलेलीच होती. त्या बाईनं साहेबांना विचारलं, "त्या मिशावाल्या दादाला लई लागलं का वं?"

साहेब परत आले. "ऑर्डरमध्ये 'पडली' असं आहे," ते म्हणाले. "'पाडली'बद्दल काही नाही. गराडे, गाडी चालवू शकाल?"

"व्हय, साहेब."

"मग लीड करा."

सगळ्यांनी मिळून बैलगाडीचं चाक बसवलं आणि गराड्यांच्या मागं चाकणला गेलो. एका कान्यानं आमचा लीडर आम्हाला परत मिळाला.

पुढं दोन वर्षांनी सेक्शन पूर्वेच्या डोंगरात होतं. पावसात दरड कोसळू लागली. गराड्यांनी मागच्या दोघांना रोखलं आणि दरडीत अडकलेल्या आपल्या गाडीवरची टपालाची पिशवी काढायला पुन्हा आत गेले. पिशवी त्यांनी बाहेर फेकली. डिस्पॅच पोचला. गराडे आले नाहीत.

रजा मिळाल्यावर आम्ही पाचजण देहूरोडच्या छावणीतून मागून घेतलेल्या मोटारसायकलींवरून त्यांच्या वाडीत गेलो. त्यांची आई ओसरीवर बसली होती. तिनं गाड्यांचा आवाज दुरूनच ओळखला होता.

"आज म्होरं कोण व्हतं रं?" तिनं विचारलं.



"कुणीच नाही, आई," चाँद म्हणाला. "ती जागा मोकळी सोडून आलो."

"बरं केलंत," म्हातारी म्हणाली, आणि आम्हाला आत बोलावलं.