भिंतीला फुटलेली इभूत

बाहेर मघा नक्षत्र कोरडं चाललं होतं आणि महानंदाच्या घरातली भिंत गळायला लागली होती. वरच्या माळवदातून नव्हे, खालच्या जमिनीतून नव्हे, बरोबर मधोमध, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. आभाळ भरून यायचं, अंगाला चिकचिक व्हायची, थेंब मात्र पडायचा नाही. आणि ही भिंत घाम फुटल्यासारखी निथळायची.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचं घर तिच्या समोरच, मधे एक बैलगाडी जाईल एवढा बोळ. सास्तूरच्या अलीकडचं गाव. निजाम जाऊन दहाएक वर्षं झाली होती. आमच्या शाळेतले मौलवीसाहेब जाऊन मराठीचे मास्तर आले होते. त्या मास्तरांनासुद्धा भिंत दाखवली. त्यांनी भिंतीला नाक लावलं, बोटानं टकटक केलं, "ओल आहे," असं सांगितलं आणि चहा पिऊन गेले. तेवढं तर आमच्या म्हशीलाही कळत होतं.

महानंदा म्हणजे बब्रुवानची बायको. बब्रुवान सोलापूरला गिरणीत, दिवाळीला यायचा. घरात ही, झोळीतलं लेकरू आणि सासू सिद्धम्मा. चार एकर काळं रान महानंदाच करायची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बोलायला लागली की आमच्या ओसरीवर ऐकू यायचं. भिंत गळायला लागल्यापासून तिचा आवाज येईना, तेव्हा माझ्या आईनं मला म्हटलं, "जा रं, बघून ये. तिचं काय तरी लई बिनसलंय."

बिनसलं होतं ते असं, की त्या भिंतीपल्याड बळद होतं. बळद म्हणजे भिंतीला लागून बांधलेली धान्याची कोठी. त्यात रब्बीच्या पेरणीचा जोंधळा. हस्त लागला की पेरायचा. बी भिजलं तर रान पडीक, आणि रान पडीक तर वरीसभर खायचं काय? गिरणीतल्या पगारात बब्रुवानचंच भागत नव्हतं.

"आत्ती, बळद उघडू. बी काढून उन्हात घालू," ती सासूला म्हणायची.

"पेरणीच्या आधी बळद उघडीत नसत्यात. आपल्या घरची रीत हाय."

"पन बी नासलं तर?"

"न्हाय नासत. भिंतीला हात लावू नगो म्हंजे झालं. तूच लेकराच्या झोळीसाठी तिथं खुंटी ठोकलीस, तवापास्नं सुरू झालंय हे."

तेही खरं होतं. उन्हाळ्यात तिनं त्या भिंतीत खुंटी ठोकली होती आणि आता खुंटीच्या बुडाशीच पाणी सुटलं होतं. मग काय, महानंदा रोज पोतेरं घेऊन भिंत पुसायची, वर राख फासायची, शेण लिंपायची. सकाळी लिंपलेलं दुपारी गळून पडायचं.

अशात दोन दिवस कडक ऊन पडलं. भिंत वाळली आणि तिच्यावर पांढरी भुकटी फुटली. मऊ, पिठासारखी. शेजारची गौराबाई विस्तव न्यायला आली होती. तिनं ती बघितली आणि हातातली शेणी खाली टाकून कपाळावर हात जोडले.

"अगं महानंदा, ही इभूत! भिंतीतनं महादेव आलाय तुझ्या घरी!"

आमच्याकडं लिंगायताच्या घरात कपाळाला इभूत, म्हणजे भस्म, लावल्याशिवाय पाणी पीत नाहीत. ती भिंतीतनं आपोआप येतीय म्हटल्यावर गाव थांबतंय होय? संध्याकाळपर्यंत बोळात चपलांचा ढीग. जो तो बोटानं भुकटी खरवडायचा, कपाळाला तीन पट्टे ओढायचा. उरलेली पदराच्या टोकाला बांधून न्यायचा. कुणी बेल वाहिला, कुणी फुलं. बळदाचं तोंड खालच्या अंगाला मातीनं लिंपून बंद केलेलं, बरोबर त्याच्यापुढं समई लागली. आणि महादेव म्हटल्यावर अभिषेक आलाच. बाया कळशा घेऊन यायच्या आणि त्या बिचाऱ्या मातीच्या भिंतीवर ओतायच्या.

महानंदा एकेकीच्या पाया पडायची. "मावशी, पानी नगा घालू. आत बी हाय माझं. काकी, एवढी एक कळशी नगा..."

"येडी का काय तू? ज्याच्या घरी देव आला त्याला बियाची काळजी?"

एकदा आमची शेळी दावं तोडून तिच्या घरात शिरली आणि सगळ्यांदेखत चट् चट् भिंत चाटायला लागली. मी ओढायला गेलो तर माणिकप्पा म्हातारा माझ्यावरच खेकसला, "राहू दे रं! मुक्या जीवाला कळलं, तुला कळंना व्हय?" शेळीला कळलं होतं हे खरंच, पण तिला काय कळलंय हे विचारायची अक्कल आम्हा कुणालाच नव्हती.

सिद्धम्मा त्या सगळ्या गर्दीत कोपऱ्यात बसून असायची. ना नमस्कार, ना इभूत. लोक म्हणायचे, म्हातारीची समाधी लागली.

मग एके दिवशी बळदातनं वास यायला लागला. आंबट, कुबट. महानंदानं लिंपलेल्या तोंडाला नाक लावलं आणि तशीच खाली बसली. वरच्या तुळईनं कड्कन आवाज केला, भिंतीला पोट सुटलं होतं. तिनं झोळीतलं लेकरू उचललं, माझ्या आईच्या हातात दिलं आणि परसातनं पहार आणली.

गौराबाई भिंतीला पाठ लावून आडवी उभी राहिली. "देवाला पहार लावतीस? आधी मला मार!"

"मावशी, सरका."

"न्हाय सरत!"

"देव हाय तर माझं बी का कुजवतोय? काय खाऊ घालू म्या लेकराला? तुमची इभूत?" महानंदाचा आवाज चिरकला. इतक्या दिवसांनी तो आमच्या ओसरीपर्यंत गेला असेल. बाया शिव्याशाप द्यायला लागल्या, कुणी तिचा दंड धरला.

तेव्हा सिद्धम्मा कोपऱ्यातनं उठली.

"सोडा तिला. देव न्हाय तिथं. मीठ हाय."

कुणाला काही कळेना.

"रझाकाराच्या साली ह्यांनी अन् म्या रांजणभर मीठ भिंतीत चिणलं. हिनं खुंटी ठोकली, रांजण फुटला. दमट हवा लागली की मीठ पाझरतंय." ती गौराबाईकडं बघत नव्हती, पण सांगत तिलाच होती.

आता ज्यांना तो काळ ठाऊक नाही त्यांना सांगतो. निजामाच्या मुलखाची नाकेबंदी होती, मीठ सोन्यासारखं झालं होतं. गौराबाईची लेक बाळंतीण, अळणी पेज तिच्या घशाखाली उतरेना, ओकून ओकून पोरगी चिपाड झाली. गौराबाई चिमूटभर मीठ मागायला ह्याच दारात आली होती आणि सिद्धम्मानं गळ्यातलं लिंग हातात धरून शपथ घेतली होती, घरात खडा न्हाय म्हणून. पुढं मीठ स्वस्त झालं. पण भिंत उघडली तर गाव बघणार, म्हणून ते तिथंच राहिलं.

गौराबाईनं कपाळावरचे पट्टे बोटानं पुसले, ते बोट जिभेला लावलं आणि तडक घरी गेली.

भिंत महानंदानं आणि मी मिळून पाडली. आधी तुळईला दोन मेढींचा टेकू दिला. रांजणाच्या खापऱ्या निघाल्या, मिठाचा चिखल निघाला, आणि बळदातनं काळा, लिबलिबीत जोंधळा. मूठभर दाणा चांगला मिळंना. सासू म्हणाली, "म्या जाते गौराकडं, पाया पडते."

"तुमी बसा," महानंदा म्हणाली. "तुमाला बघून ती आपलं बी चुलीत घालंल."

ती स्वतः गेली. मी आमच्या ओसरीवर होतो, सगळं समोर. गौराबाईनं तिला दुपारभर अंगणात उभं केलं. शेवटी सूप घेऊन दारात आली.

"देईन बी. पन ह्यातला एक दाना तुझ्या सासूच्या तोंडात जाता कामा नये."

"पेरायला नेतीय, मावशी."

"पीक आल्यावर?"

माझ्या मनात आलं, बाई, हो म्हण. खोटं का होईना, हो म्हण आणि बी घेऊन ये.

"पीक आल्यावर जाईल तिच्या तोंडात," महानंदा म्हणाली. "आमची चूल एकच हाय."

गौराबाई सूप घेऊन उंबरा उतरून अंगणात आली. मग म्हणाली, "पदर पसर."