जहाजाचे गुडघे

रामाकोन्यात जयवंताबाईंच्या अंगणात वाकड्या बाभळीचा ढीग बारा वर्षं पडून होता, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. नांगराचं खोड वाकड्या लाकडाचंच लागतं. तो वाक झाडानंच दिलेला हवा, करवतीनं काढलेला टिकत नाही. नवरा नत्थूजी सुतार नाल्यानाल्यानं फिरून अशी झाडं हेरून ठेवत. पुढे ट्रॅक्टर आले, नांगर गेले, नत्थूजीही गेले. लाकडं राहिली.

खरी गोष्ट मात्र गावाला ठाऊक नव्हती. लग्नानंतर सातव्या वर्षीच नत्थूजींच्या उजव्या हाताची बोटं करवतीत गेली होती. तेव्हापासून दार लावून लाकूड तासायचा वाकस चालवला तो जयवंताबाईंनी. नत्थूजी डाव्या हातानं काम करतात, असंच गाव धरून चाललं. बाईनं तासलेला नांगर वावरात नेला तर पीक येत नाही, अशी गावाची समजूत. म्हणून नांगर खपले नत्थूजींच्या नावावर, पार सौंसर-बोरगावपर्यंत. बाई तीस वर्षं गप्प राहिल्या. पण ते त्यांना फार डाचायचं, अजूनही डाचतं.

यंदा मुलाला, नितीनला, पिकअप ठेवायला अंगणात शेड हवी होती. त्यानं परस्पर वीटभट्टीवाल्याला सांगून टाकलं की लाकूड घेऊन जा. नेमकी त्याच सकाळी नागपूरची धनश्री नावाची इंजिनियर मुलगी नत्थूजींचं घर विचारत आली. सौंसरच्या लाकूड डेपोत तिला हा पत्ता मिळाला होता.

ती एका जुन्या लढाऊ जहाजाच्या डागडुजीवर होती. दोनशे वर्षांपूर्वीचं सागवानी जहाज, दोन्ही अंगांना तोफा. लढाया संपल्यावर तोफा उतरवल्या आणि त्याचं धान्याचं कोठार केलं. पुढे ते जळणासाठी फोडायचं ठरलं, तेव्हा बंदरातली माणसं आडवी आली म्हणून वाचलं. आता ते कोरड्यावर घेऊन एकेक फळी बदलत होते. आत तुळई भिंतीला मिळते तिथे वाकडे आधार असतात, त्यांना गुडघे म्हणतात. ते बाभळीचे होते आणि निम्मे कुजले होते. तसं वाकडं लाकूड कुठेच मिळेना.

जयवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण ते जहाजही जळणात निघालं होतं, एवढं कळताच त्यांनी बाज सोडली आणि ढीग उघडून दिला. धनश्रीनं पातळ प्लायचा साचा एकेका लाकडावर ठेवून पाहिला. अकरा लाकडं जुळली.

तेवढ्यात भट्टीची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवू लागली. नितीन म्हणाला, ही अकरा मॅडमनी न्यावीत, बाकीची जाऊ द्यावीत, आपण शब्द दिला आहे. जयवंताबाई सरळ ढिगावर जाऊन बसल्या.

"गाडी वापस पाठव, बाबू. आज अकरा लागले, उद्या आणखी लागतीन. माह्या जित्तेपणी यातलं एकबी भट्टीत नाई जात."

नितीन तणतणला, पण गाडी गेली.

मग धनश्री संकोचत म्हणाली की कारागीर तर राहिले नाहीत, तेव्हा ही लाकडं शहरात मशीनवर कापून घेऊ. जयवंताबाई उठून घरात गेल्या आणि वाकस घेऊन आल्या. अडुसष्टाव्या वर्षी लाकडावर पाय रोवून त्या तासू लागल्या. कुंपणापाशी माणसं जमली. या वेळी त्यांनी दार लावलं नाही. दोन तासांनी साचा लाकडावर असा बसला की मधून उजेडही दिसेना.

धनश्रीनं वही काढली. जहाजात बसणाऱ्या प्रत्येक नव्या लाकडाची नोंद ठेवायची असते आणि घडवणाऱ्याचं नाव त्यावर कोरायचं असतं. नितीननं सवयीनं सांगितलं, नत्थूजी लिहा.

"झाडं त्यायनं पारखले, तेबी लिव," जयवंताबाई म्हणाल्या. "पण वाकस माह्या हातात होता. नाव जयवंता लिव."

कुंपणापाशी कुणीतरी खाकरलं. बाई तिकडे वळल्या.

"तीस वर्षं तुमच्या वावरात माह्या हातचे नांगर चालले. पीक आलं नोतं काय? ज्याचं आलं नसन, त्यानं आता पुढं येऊन सांगावं."

कुणी पुढे आलं नाही. धनश्रीनं नाव लिहून घेतलं, आणि जयवंताबाईंनी दुसरं लाकूड पायाखाली घेतलं.