जयमालाचा नंबर

रेवदंड्याच्या बाजारात जयमालाचं सेवा केंद्र आहे. बाई कामाला वाघ! दाखला असो की पेन्शन, तिच्याकडे गेलं की झालंच म्हणून समजा. म्हाताऱ्यांचं घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी, मोबाईल नंबरावर. घरातला एकुलता एक फोन मुलाच्या खिशात, आणि मुलगा ट्रक घेऊन कुठे तरी लांब. मग जयमाला म्हणायची, "असू दे आजी, माझाच टाकते." ओटीपी तिच्याच फोनवर यायचा, अर्ज चुटकीसरशी पुढे सरकायचा. अलिबागला बोलावून शाल घालून तिचा सत्कारसुद्धा झाला. का, तर गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना मोबाईल जोडलेला! कुणाचा जोडलाय, हे विचारतंय कोण?

पण सगळ्यांचे मेसेजही तिच्याच फोनवर येऊन पडायचे, ढिगाने. त्यातच गावातल्या म्हाताऱ्या सखुबाईच्या नावचा एक आला. हयातीची पडताळणी करा, नाहीतर निराधार पेन्शन बंद. जयमाला तेव्हा भावाच्या लग्नाच्या गडबडीत होती. तिने तो वाचला, उद्या सांगू म्हणाली आणि साफ विसरली.

पेन्शन थांबली. सखुबाई जन्मभर मिठागरात राबलेली, मागेपुढे कुणी नाही. तिने रक्तदाबाच्या गोळ्या पुरवून पुरवून घ्यायला सुरुवात केली आणि एक दिवस नळावर चक्कर येऊन पडली. हात मोडला.

हे कळल्यावर जयमालाने फोन चाळला. तो मेसेज सापडला. तशीच उठून ती सखुबाईकडे गेली.

प्लॅस्टरमधला हात सावरत म्हातारी उलट तिलाच धीर द्यायला लागली. "सरकारला वाटलं मी मेली. पन तू हायस ना बाय, मना काय भ्याव न्हाय."

"सर्व्हर बंद होता" हे वाक्य जयमालाच्या अगदी ओठांवर आलं. हजारदा वापरलेलं, कुणीही विश्वास ठेवेल असं. स्वतःचीच तिला शिसारी आली. मग तिने सगळं सांगून टाकलं. नंबर कुणाचा, मेसेज कधी आला, कुणी वाचला. सांगता सांगता ती रडायला लागली.



"सरकारला ठावं नसंल, व्हय," सखुबाई म्हणाली. "पन मी तर रोज तुज्या दारावरनं जात व्हते गो. तुला दिसत व्हते ना मी जित्ती?"