हिरव्या चुड्याच्या कडा

भोकरदनच्या माझ्या स्टुडिओत ती सकाळीच आली. मुलीच्या लग्नाचा अल्बम छापायला जायचा होता, पण तिला त्याआधी एकच फोटो हवा होता, अंगणात नवरीच्या हातात बांगड्या भरतानाचा. दुपारच्या गाडीने ती मुलीच्या सासरी निघाली होती आणि फोटो सोबत न्यायचा होता.

मी खुशीत होतो. स्वतःला फार शहाणा समजत होतो ना! मागचं सगळं धूसर दिसावं म्हणून भर उन्हात लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढले होते. अशी लेन्स सगळे रंग एका जागी आणू शकत नाही. लख्ख उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे रंग बाहेर सांडतो. बांगडीवाल्या चाचांच्या पांढऱ्या टोपीला जांभळी किनार आली होती, मागच्या भांड्यांना हिरवट. लेन्स थोडी मिटली असती तर हे बरंचसं टळलं असतं, पण मला मिरवायचं होतं. मग कॉम्प्युटरवर कडांचा जांभळा आणि हिरवा रंग काढायची पट्टी शेवटपर्यंत ओढली आणि सगळ्या फोटोंना तीच लावून मोकळा झालो.

फोटो उघडला. ती पुढे वाकली.

"भाऊ, बांगड्या अशा राखेवानी का दिसून राह्यल्या?"

काचेची बांगडी म्हणजे नुसती कडच. नवरीचा हिरवा चुडा मी पुसून टाकला होता, आणि दाखवत कुणाला होतो, तर नवरा गेलेल्या बाईला. तिने आपलं मोकळं मनगट पदराखाली घेतलं.

"मावशी, मूळ फोटो आहे," मी घाईने म्हणालो.

कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून मी दुसऱ्या लग्नाला वापरलं होतं. मूळ फोटो होते ते एकाच जुन्या हार्ड डिस्कवर. ती जोडली, दिसेना. केबल बदलली, तरी दिसेना. मावशी भिंतीवरचं घड्याळ बघत होती. तिसऱ्यांदा डिस्क घरघरली आणि उघडली. चुड्याला हात न लावता मी फक्त टोपीची किनार साफ केली आणि खुर्ची बाजूला सरकवली.

ती पडद्याजवळ आली आणि एकेक बांगडी बघत गेली.

"बराबर भरल्या की. मी आत होते त्या टायमाला. मला आत्ताच दिसून राह्यल्या."

मला ते अंगण आठवलं. इकडे बसा, तिकडे सरका, असं म्हणत मी सगळ्या बायकांना हलवत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारातून डोकावत होती आणि फोटोच्या कडेला येत होती. मीच ओरडलो होतो, "मावशी, जरा आत व्हा."