आबांची कुजबुज

कोल्हापुरात हळू आवाजात बोलणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर परगावचा. आणि आमच्या समोरच्या घरातले आबा या दोन्हींपैकी काहीच नव्हते. त्यांची उभी हयात मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारण्यात गेली. पुढे सौदे सुटले, पुकारणं काही सुटलं नाही. आबा दारात उभे राहून भाजीवाल्याशी घासाघीस सुरू करायचे तेव्हा भाजीवाला अजून चौकात असायचा. फोन कानाला लावायचे तो केवळ रीत म्हणून. त्यांच्या गारगोटीच्या बहिणीला त्यांचा आवाज फोनशिवायही ऐकू गेला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यात पायात करकर वाजणारं जाडजूड पायताण. आबा येताहेत हे आधी त्या पायताणाकडून कळायचं, मग आबांकडून, आणि मग रवाकडून.

रवा म्हणजे त्यांचा कुत्रा. गुळाच्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. हा रंगानं तसाच तांबूस आणि अंगानं तसाच गोल. यार्डातून आबांच्या मागं मागं चालत आला आणि राहिला. आबांची बायको, आमच्या काकी, गेल्यानंतर त्या घरात आबांचं ऐकून घेणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. आबांनी "रवाऽऽ" अशी आरोळी ठोकली की तो पायाशीच बसलेला असायचा, तरी दचकायचा नाही. मी मात्र घरात हातातलं भांडं पाडायची आणि खिडकीतून ओरडायची, "आबा, जरा हळू!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "पोरी, ह्यो हळूच हाय की!"

एका रविवारी सकाळी, मटणाला फोडणी बसत असताना, समोरून वेगळीच हाक आली. "आगं पोरी, पळ की! रवा कसा करालाय बघ!" मी धावले. रवा सोप्यात आडवा पडला होता, पाय झाडत होता, तोंडाला फेस, डोळे उघडे पण कुणालाच न बघणारे. मागोमाग सगळी गल्ली आत. फेफरं आलं की काय करायचं हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणी कांदा फोडून आणला, कुणी किल्ल्यांचा जुडगा, आणि आबांनी पायातलं पायताण काढून थेट रवाच्या नाकाला लावलं. कांदा की पायताण यावर तिथंच जोरदार वाद झाला. तेवढ्यात झटका आपोआप ओसरला. रवा उठला, भिंतीला धडकला, सगळ्यांकडं अनोळखी नजरेनं बघत राहिला, आणि मग ते पायताण तोंडात धरून त्यावरच हनुवटी टेकून झोपला. "बघा, गुण आला का न्हाय!" आबांनी जाहीर केलं. पायताणवाले जिंकले.

पुढच्या झटक्यानंतर आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. आबांनी पायताणाचा इलाज अभिमानानं सांगितला. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "आबा, पायताण पायात घाला. कांदा तर लांबच ठेवा, कुत्र्याला तो विषासारखा. तोंडात काही घालू नका, आसपासचं सामान सरकवा, दिवा बंद करा, घड्याळाकडे लक्ष ठेवा. लांबला तर लगेच इकडं आणा. दुखणं मुळापासून जाणार नाही, पण गोळ्या चुकवल्या नाहीत तर ताब्यात राहील. आणि मुख्य म्हणजे, अजिबात आवाज नको."

आबा विचारात पडले. "बाकी सगळं जमंल डॉक्टर. शेवटचं तेवढं अवघड हाय."

पण त्यांनी ते जमवलं. पहिल्यांदा त्यांची कुजबुज तीन घरं पलीकडं ऐकू जायची. मग दोन. मग एक दिवस ते माझ्या दारात उभे राहून काहीतरी बोलले आणि मला "काय?" असं विचारावं लागलं. मला हसू आलं. करकरणारं पायताण रवाच्या अंथरुणावर गेलं, आबांच्या पायात रबरी स्लीपर आल्या. भाकरीच्या तुकड्यात गोळी लपवताना ते भाकरीशीसुद्धा दबक्या आवाजात बोलायचे. गणपतीत मंडळाच्या मांडवात जाऊन हात जोडून एवढंच म्हणाले, "आमच्या रवाला सोसत न्हाय." गेल्या वर्षीपर्यंत स्पीकरपुढं नाचणारे आबा हळू बोलताहेत हे बघूनच मंडळ घाबरलं आणि स्पीकरची तोंडं पलीकडं वळली. गल्लीतले लोक कोपऱ्यावरच गाडी बंद करून ढकलत आणू लागले. झटका आला की आबा अंधार करून रवाशेजारी बसायचे आणि एकच शब्द म्हणत राहायचे, "हाय. हाय. हाय मी."

पुढच्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी झटका थांबेचना. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत रिक्षात आबा तेच म्हणत होते. परतताना म्हणाले नाहीत. रवाला परसात पुरलं तेव्हा त्या करकरणाऱ्या जोडातलं एक पायताण त्यांनी त्याच्या हनुवटीखाली ठेवलं.

आम्हाला वाटलं, आता आबा पुन्हा ओरडतील. नाही ओरडले. मी कधी काळी वैतागायची ती आरोळी ऐकायला आता माझे कान आसुसलेत. परवा राहवलं नाही. खिडकीतून होता नव्हता तेवढा जोर लावून मी हाक मारली, "आबाऽऽ, चहाला या!"

आबा लगबगीनं बाहेर आले, ओठांवर बोट ठेवून. मग त्यांचं लक्ष उंबऱ्याजवळच्या एकट्या पायताणाकडं गेलं. बोट हळूहळू खाली आलं.

"ओरड की, पोरी," ते म्हणाले. "आता कोण उठतंय?"

मला ते नीट ऐकू आलं नाही. ओठांवरून कळलं.